वीस अंक म्हणजे वीस अंक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला टीव्ही मालिकांवरचा लेख वाचला. टीआरपी बघून स्टोरी फिरवतात, एपिसोड संपताना मुद्दाम लटकवून ठेवतात, पाणी घालून घालून वाढवतात, आणि हे सगळं खूळ डेली सोपनेच आणलं, असा एकूण सूर. पाणी घालून वाढवतात हे मान्य, पण हे खूळ डेली सोपने आणलं हे काही पटलं नाही बुवा. कारण हे सगळं जवळपास पावणेदोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये चार्ल्स डिकन्स ह्या इंग्रज कादंबरीकाराने करून ठेवलंय, आणि त्याला आपण अभिजात म्हणतो.

त्याची 'पिकविक पेपर्स' ही कादंबरी १८३६ च्या एप्रिलपासून महिन्याला एक अशी सुट्या अंकात निघायला लागली. सुरुवातीला खप काही शे प्रतींचा, म्हणजे आजच्या भाषेत सिरीयल स्लॉट बदलून रात्री अकराला टाकायच्या लायकीची. मग चौथ्या अंकात सॅम वेलर नावाचा बूट पुसणारा, तोंडाळ नोकर आला, लोकांना जाम आवडला, आणि डिकन्सने त्याला लगेच मेन ट्रॅकमध्ये घेतला. शेवटी खप ४०,००० वर. टीआरपी बघून लिहिणं म्हणतात ते आणखी काय असतं?

आणि फॉरेन ट्रॅकची तर गंमतच. १८४३ साली 'मार्टिन चझलविट'चा खप अपेक्षेपेक्षा फारच कमी, वीस हजारांच्या आसपास, तर ह्याने हिरोला उचलून थेट अमेरिकेला पाठवला! आपल्याकडे हनिमूनला स्वित्झर्लंडला पाठवतात तसंच. खप काही फार वाढला नाही ते सोडा. 'डेव्हिड कॉपरफील्ड'मधली एक ठेंगणी बाई वाचून शेजारच्या एका खऱ्या बाईंनी स्वतःला ओळखलं, पत्र पाठवून चांगलंच सुनावलं, तर पुढच्या अंकांमध्ये ते पात्र वाईटाचं चांगलं झालं. कथा चालू असताना वाचकाने हात घातला आणि लेखकाने ऐकलं. आता सोशल मीडियावर व्हिलनला शिव्या घालतो आपण, ते ह्याहून फार वेगळं आहे का?

आपल्याकडेही हे वारं तेव्हाच आलं होतं. ह. ना. आपट्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिति' १८८५ ला 'पुणे वैभव'मध्ये क्रमशः आली, ती रेनॉल्ड्स ह्या लंडनच्याच क्रमशःवाल्या लेखकाच्या कादंबरीवर बेतलेली. पुढे १८९० ला त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढलं, त्यातही 'पण लक्षात कोण घेतो' अशीच तुकड्यातुकड्याने. तेव्हा वर्तमानपत्रांनी तरी क्रमशःला नाकं मुरडू नयेत.

मग फरक कुठे आहे? माझ्या मते एकाच ठिकाणी. डिकन्सच्या महिन्याला निघणाऱ्या मोठ्या कादंबऱ्या वीस अंकांच्या ठरलेल्या असायच्या. शेवटचे दोन एकत्र निघायचे, म्हणजे १९ महिने. 'ब्लीक हाउस' मार्च १८५२ ला सुरू, सप्टेंबर १८५३ ला खलास. वाचकाला माहीत, लेखकालाही माहीत. प्रत्येक अंकासाठी तो एक कागद घेऊन दोन भाग करायचा, उजवीकडे प्रकरणं, डावीकडे स्वतःलाच प्रश्न : अमक्याला ह्या अंकात आणू का? नको. तमका? अजून नाही. 'ब्लीक हाउस'च्या अशाच एका कागदावर रस्ता झाडणाऱ्या जो नावाच्या पोराबद्दल लिहिलंय, जो? हो. मारून टाक. वाचताना अंगावर काटा येतो, पण बघा, शेवट कुठे आहे हे माहीत असलेला माणूसच असं लिहू शकतो. आपल्या मालिकेत कोणी मेलं की घरातला प्रत्येक जण विचारतो, बॉडी दाखवली का? नाही ना? मग येतोय परत, प्लास्टिक सर्जरी करून.

बीबीसीने २००५ मध्ये हेच 'ब्लीक हाउस' अर्ध्या अर्ध्या तासाचे एपिसोड करून सोपसारखं दाखवलं आणि मस्त चाललं. सोपचा फॉर्म वाईट नाहीच हो.

आमच्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. साडेसातला कुकर बंद करून टीव्हीसमोर बसतात, मध्ये कोणी बोललेलं चालत नाही. ज्या मालिकेच्या पहिल्या भागात हिरोइन कॉलेजला होती तिची मुलगी आता लग्नाची झाली, दोन लीप झाले, हिरो बदलला. मागच्या आठवड्यात जाहिरात लागल्यावर मला म्हणाल्या, "अगं, ही संपायची कधी? मला शेवट बघून जायचंय." त्या हसून म्हणाल्या, मी पण हसले, पण उत्तर काय देणार. चॅनेलवाल्यांनी एवढंच करावं, पहिल्या प्रोमोतच खाली एक आकडा टाकावा, एकूण भाग इतके. मग खुशाल लटकवा आम्हाला रोज रात्री, आम्ही लटकू.

आपली,
एक वाचक, नाशिक