दूध चुलीवर ठेवून गेलेली आजी

सांगली, रविवार दुपार

चि. मनस्वी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची तीन प्रकरणं मिळाली. मोबाइलवर वाचायला जमेना, म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली. त्रेपन्न पानं झाली. तो म्हणाला, "काकू, मुलीचा प्रोजेक्ट का?" मी म्हटलं, "हो, सहा वर्षं चाललाय."

फोनवर तू दोन रडगाणी गायलीस. एक, नोकरी सांभाळून लिहायला वेळ मिळत नाही. दुसरं, तुझा नायक विराज काही केल्या वाढत नाही, पहिल्या पानावर जसा तसाच त्रेपन्नाव्या पानावर. मी नुसतं हूं हूं केलं, कारण कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. आता निवांत सांगते.

होस्टेलला जाताना तू मागे टाकलेल्या पुस्तकांत अमेरिकन लेखिका उर्सुला ल ग्विनबाईंचं अर्थसीचं, म्हणजे बेटांच्या एका कल्पित जगाच्या कादंबऱ्यांतलं, पहिलं पुस्तक होतं. गेल्या पावसाळ्यात कपाटाला ओल आली म्हणून सगळं बाहेर काढलं, तेव्हा ते हाती लागलं. माझं इंग्रजी बेताचं, त्यामुळे डिक्शनरी उशाशी घेऊन रोज चार-पाच पानं. ते संपल्यावर पुढची तुझ्या मावसभावाकडून मागवली, आणि बाईंबद्दल जे मिळेल ते वाचत सुटले. बाबा म्हणतात, म्हातारपणी जादूगारांच्या नादाला लागली.

आधी वेळेचं बघू. एका मुलाखतीत बाईंनी आपला आदर्श दिवस सांगितलाय. साडेपाचला जाग, आणि नुसतं पडून विचार करायचा. सव्वासहाला उठून भरपूर नाश्ता. सव्वासातला लिहायला बसायचं ते थेट दुपारच्या जेवणापर्यंत. मग वाचन, संगीत, पत्रांना उत्तरं, जमलं तर घर आवरणं. पाचला स्वयंपाकाला लागायचं. आणि रात्री आठनंतर आपण अगदी मठ्ठ होतो, त्याबद्दल बोलायलाच नको, असं वर! तू म्हणशील, बरं आहे बाईंचं. पण हे मुलं मोठी झाल्यानंतरचं वेळापत्रक. तीन मुलं लहान होती तेव्हा ती झोपल्यावरच त्या लिहायला बसत. म्हणजे पुढे जी वेळ मठ्ठपणाची म्हणून सोडून दिली, त्याच वेळेत आधीची पुस्तकं झाली. नवरा पोर्टलंडला इतिहासाचा प्राध्यापक. एका माणसाला दोन पूर्णवेळ कामं झेपत नाहीत, पण दोघांना मिळून तीन झेपतात, असा बाईंचा हिशेब होता. हे मी बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बरोबर आहे," आणि पेपर उलटला.

मला मात्र साडेपाच ते सव्वासहा ही वेळ फार आवडली. पाऊण तास अंथरुणात पडून राहणं त्यांनी दिवसाच्या कामात धरलंय. आमच्याकडे याला लोळणं म्हणतात. तू हिंजवडीच्या बसमध्ये रोज तासभर बसतेस ना? तिथे लिहू नकोस, मोबाइलही बघू नकोस. नुसती विराजबरोबर बस.

आणि लिखाण परत येण्याची भीती घालव. बाईंनी अकराव्या वर्षी एका मासिकाला गोष्ट पाठवली होती, ती परत आली. नंतर मोठेपणीही बरीच वर्षं बहुतेक सगळं परतच येत राहिलं. मी एकदाच एका दिवाळी अंकाला कथा पाठवली, 'साभार परत'चा छापील कागद आला आणि मी वही माळ्यावर टाकली. तू दोन वर्षांची होतीस. तुझं निमित्त मला चांगलं मिळालं.

आता विराज. १९६७ मध्ये बर्कलीच्या एका छोट्या प्रकाशकाने बाईंना विचारलं, जरा मोठ्या मुलांसाठी काही लिहाल का? त्यांनी आधी मुलांसाठी लिहिलेलंच नव्हतं, त्यामुळे घाबरल्या. मग मनात आलं की गोष्टीतले जादूगार नेहमी म्हातारे, पांढऱ्या दाढीचे. पण ते कधीतरी पंधरा वर्षांचे असतील ना? तेव्हा काय करत असतील? कुठे शिकले? एवढ्या एका भाबड्या प्रश्नावर ते पुस्तक उभं आहे, १९६८ मध्ये आलं. सुरुवातीलाच त्यांनी बेटांचा नकाशा काढला. त्यातल्या तीन छोट्या बेटांना स्वतःच्या मुलांची लाडाची नावं दिली. (तुझ्या नकाशात 'मनूची वाडी' दिसली नाही, हे मी पाहून ठेवलंय.) आपण इंजिनिअर नाही, शोधत फिरणारे आहोत, असंही त्या म्हणायच्या. तू इंजिनिअर आहेस, म्हणून तुझ्या तिन्ही प्रकरणांत जादूचे नियम चोख आहेत आणि माणसं खिळ्याला टांगलेली.

नावाचंही तसंच. नाव सापडल्याशिवाय त्यांचं पात्र हलत नसे. त्या जगात प्रत्येकाचं खरं नाव गुप्त, कारण ते ज्याला कळलं त्याच्या हाती तो माणूस गेला. तेराव्या वर्षी पुस्तकाचा नायक, तो पोरगा, थंडगार पाण्यातून उघडा चालत पलीकडे येतो आणि काठावर उभा त्याचा गुरू, जादूगार ऑजियन, त्याचा दंड धरून हळूच त्याचं खरं नाव सांगतो, गेड. हे वाचताना मला तुझं बारसं आठवलं. आत्याने कुर्रर्र करून तुझ्या कानात नाव सांगितलं, आणि पाठीत धपाटे खाल्ले. आणि नवऱ्याचं नाव तोंडाने न घेणारी आमची आजी! तिला हे पुस्तक एका वाक्यात कळलं असतं. विराज हे नाव तुझ्या कानात कोणी सांगितलं? की बाळांच्या नावांच्या यादीतून उचललंस?

पण खरी गोम पुढे आहे. गेड एका आडगावात शेळ्या राखणारा पोर, आई लहानपणीच गेलेली, पहिली जादू मावशीकडून शिकलेला. अंगात विद्या भरपूर आणि मस्तीही तेवढीच. रोक बेटावरच्या जादूच्या विद्यापीठात एक मोठ्या घरचा मुलगा त्याला डिवचतो, आणि हा निव्वळ ऐट दाखवायला एका मेलेल्या बाईचा आत्मा बोलावतो. त्या फटीतून एक सावली बाहेर पडते, त्याचा चेहरा फाडते. फट बुजवताना विद्यापीठाचा मुख्य, म्हातारा महाजादूगार, जिवानिशी जातो. तिथून पुढचं सगळं पुस्तक म्हणजे त्या एका रात्रीचं देणं फेडणं. कोणी राक्षस चालून येत नाही. जे मागे लागलंय ते त्याने स्वतः आणलेलं. आधी तो पळतो. मग ऑजियन त्याला सांगतो, उलटा फिर, तूच तिच्या मागे लाग. तिथे तो पोरगा मोठा होतो.

तुझा विराज त्रेपन्न पानांत एकदाही चुकलेला नाही. त्याचे वडील चुकतात, किल्लेदार चुकतो, आकाशातली ग्रहणंसुद्धा चुकीच्या वेळी लागतात. मग तो वाढणार कुठून? एक चूक त्याच्या पदरी घाल, आणि ती अशी असू दे की त्याला कोणावर ढकलता येऊ नये. तू त्याला फार जपतेस. बहुतेक माझ्याकडून आलेली खोड.

एक भांडणही सांगते. पहिल्या पुस्तकात सुरुवातीलाच म्हण येते, बायकांची जादू म्हणजे दुबळी, बायकांची जादू म्हणजे दुष्ट. रोकला मुलींना प्रवेशच नाही. मी पुस्तक मिटून ठेवलं दोन दिवस. पण बाईंनाही ते खुपत राहिलं असणार. तिसरं पुस्तक १९७२ चं, चौथं एकदम १९९० चं. अठरा वर्षांनी त्या परत गेल्या आणि कथा दिली कोणाला, तर तेनारला. दुसऱ्या पुस्तकात थडग्यांची पुजारीण असलेली ती मुलगी आता शेतकऱ्याची विधवा आहे, भाजलेली एक पोर तिने सांभाळायला घेतलीय. आणि गेड? सगळी शक्ती गमावून घरी आलेला, लाजेने लपणारा. तो डोंगरावर जाऊन पुन्हा शेळ्या राखतो. तिथे मला रडू आलं, आणि डाळ लागली खाली.

अठरा वर्षं पात्र तिथेच उभं होतं, बदलल्या होत्या बाई. म्हणून म्हणते, सहा वर्षं फुकट गेली असं मानू नकोस.

तुझी पानं रविभाऊंच्या हाती पाठवतेय, सोबत डिंकाचे लाडू आहेत. पेन्सिलीच्या खुणा केल्यात, रागावू नकोस. पान एकोणीस नीट बघ. तिथे विराजची आजी आहे, चुलीवर दूध ठेवून त्याची झोळी भरते, भाकरी फडक्यात बांधते आणि म्हणते, "खालच्या विहिरीचं पाणी पिऊ नकोस." का ते सांगत नाही. सगळ्या हस्तलिखितात मला तेवढं एकच माणूस जिवंत वाटलं. नंतर ती गायबच. पुढची चौतीस पानं मी तिला शोधतेय. ती चुलीवर दूध ठेवून कुठे गेली, तेवढं मला कळव.

तुझी,
आई