भट्टी कुणाच्या उशाशी?

महोदय,

कचरा जाळण्याची भट्टी, डिझेल ट्रकांचा तळ, सांडपाण्याचे केंद्र हे सगळे शहराला हवेच असते. ते ज्यांच्या उशाशी येते, त्यांना मात्र कुणी विचारत नाही. जनसुनावणी ठेवायची ती कामाच्या दिवशी, भर दुपारी. रोजंदारी बुडवून कोण येणार? आणि अहवाल शेकडो पानांचा, वस्तीत कुणाला उमगणार नाही अशा भाषेत.

म्हणून एकेका मंडळाने निवेदने देत बसण्यापेक्षा वस्त्यांनी एकत्र येणे मला जास्त उपयोगाचे वाटते. लॉस एंजेलिसमध्ये हे घडले आहे. साउथ सेंट्रलमधल्या कृष्णवर्णीय बायकांनी पुढाकार घेतला आणि १९८७ मध्ये पालिकेला कचरा-भट्टीचा प्रकल्प गुंडाळावा लागला. पुढे शेजारच्या व्हर्ननमध्ये घातक कचऱ्याची भट्टी होऊ घातली, तेव्हा पूर्व लॉस एंजेलिसच्या लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) माता रस्त्यावर उतरल्या आणि साउथ सेंट्रलच्या बायका त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. १९९१ मध्ये तोही प्रकल्प बारगळला.

एक गोष्ट खटकते. अशा आघाडीत मोठ्या संस्था आल्या की निधी आणि माइक त्यांच्याकडे जातो. वाळत घातलेल्या कपड्यांवरची काजळी रोज झटकणारी बाई मागच्या खुर्चीत बसून राहते. निदान बैठका तरी संध्याकाळी, वस्तीतच आणि लहान मुलांना सांभाळायची सोय करून घ्याव्यात.

– एक वाचक