दाखल करण्याची गरज होती का, हे कोणत्या क्षणी ठरवायचे?

महोदय,

गेल्या पावसाळ्यात माझ्या 68 वर्षांच्या आईला डेंग्यू झाला. चौथ्या दिवशी ताप उतरला म्हणून आम्हाला हायसे वाटले, पण संध्याकाळपासून तिचे पोट दुखू लागले, उलट्या थांबेनात, आणि आमच्या डॉक्टरांनी तातडीने दाखल करायला सांगितले. तीन रात्री ती सलाइनवर होती. दर काही तासांनी सिस्टर येऊन रक्तदाब, नाडी आणि लघवीचे प्रमाण पलंगाशी अडकवलेल्या तक्त्यावर लिहीत. आई बरी होऊन घरी आली आणि दीड महिन्याने विमा कंपनीचे पत्र आले: रुग्णाला ताप नव्हता, प्रकृती स्थिर होती, हे उपचार ओपीडीत होऊ शकले असते, सबब दावा नामंजूर.

डेंग्यूत ताप उतरतो त्याच सुमारास रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागण्याचा, रक्त घट्ट होण्याचा आणि रक्तदाब एकाएकी घसरण्याचा धोका असतो. हा काळ साधारणपणे 24 ते 48 तासांचा असतो, आणि पोटदुखी व सतत उलट्या ही त्याची पूर्वसूचना मानली जाते. म्हणजे ज्या ‘ताप नव्हता’ या नोंदीवरून दावा फेटाळला, तीच त्या दिवशी आईवर लक्ष ठेवण्याचे कारण होती. फेरविचाराचा अर्ज करताना कळले की दाव्यासोबत केवळ डिस्चार्ज कार्ड गेले होते. तो तक्ता कोणी पाहिलाच नव्हता.

केवळ तपासण्यांसाठी दाखल झाल्यास खर्च मिळत नाही, ही पॉलिसीतली अट मला मान्य आहे. मेडिक्लेम आहे म्हणून विनाकारण भरती करून घेणारी रुग्णालये आहेत आणि त्याचा भार सर्वांच्या हप्त्यावर पडतो. परंतु ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक’ या शब्दांची जी व्याख्या विमा नियामक प्राधिकरणाने (इर्डा) घालून दिली आहे, तीत सुरक्षित आणि पुरेशा उपचारांसाठी लागेल तेवढी शुश्रूषा अभिप्रेत आहे. सुरक्षित काय, हे दाखल करतानाच्या स्थितीवरून ठरवावे लागते. रुग्ण बरा झाल्यावर मागे वळून पाहिले, तर बहुतेक भरती अनावश्यकच दिसेल.

इर्डाच्या मे 2024 च्या परिपत्रकानुसार कंपनीतील दावा पुनरावलोकन समितीच्या मंजुरीशिवाय दावा फेटाळता येत नाही. त्या समितीने नर्सिंगच्या नोंदी मागवाव्यात, त्या विषयातील तज्ज्ञ डॉक्टरांचे मत घ्यावे आणि ते मत, डॉक्टरांच्या पदवीसह, नकारपत्रात लिहावे, अशी माझी मागणी आहे.

आमचे प्रकरण आता पुण्याच्या विमा लोकपालांकडे आहे. तेथे शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही. मात्र कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. ज्यांच्या घरी सध्या कोणी रुग्णालयात आहे, त्यांनी घरी परतण्यापूर्वी त्या तक्त्याची प्रत अवश्य मागून घ्यावी.

– एक विमाधारक, नाशिक