सगळ्यांवर एकच शिक्का नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात गेल्या आठवड्यात एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र आलं होतं. आजकाल कोणी स्वतःला नास्तिक म्हणवतो, कोणी अज्ञेयवादी, कोणी वास्तववादी, कोणी म्हणतो 'मी धार्मिक नाही, पण आध्यात्मिक आहे'. नावं वेगळी असली तरी अर्थ एकच, देवधर्म सुटला आणि संस्कार बुडाले, असं त्यांचं म्हणणं. त्यांची कळकळ खरी आहे. पण हे चौघे एकाच माळेचे मणी नाहीत. मी महानगरपालिकेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. मी स्वतः नास्तिक आहे आणि बाकीच्या तिन्ही प्रकारच्या माणसांबरोबर, कधी घरात तर कधी स्टाफरूममध्ये, माझं आयुष्य गेलं. म्हणून लिहिते आहे.

आधी माझ्यापुरतं. देव आहे असं मी मानत नाही. नास्तिकपणात एवढंच येतं. मी खरं बोलते की खोटं, म्हाताऱ्यांचं नीट करते की नाही, शेजाऱ्याच्या अडीअडचणीला जाते की नाही, यातलं काहीही त्यावरून कळत नाही. आस्तिकाच्या बाबतीतही ते कळत नाहीच.

नास्तिक म्हणजे बेबंद असं ज्यांना वाटतं, त्यांनी सेवाग्रामचा इतिहास जरूर वाचावा. नागपूरहून ते काही लांब नाही. आंध्रातले कट्टर नास्तिक कार्यकर्ते गोरा, म्हणजे गोपराजू रामचंद्र राव, 1944 च्या अखेरीस तिथे गांधीजींना भेटले. अस्पृश्यता निवारण हे दोघांचंही काम. एकाचा दिवस प्रार्थनेने सुरू व्हायचा आणि दुसरा प्रार्थना मानायचाच नाही, तरी चर्चा होत राहिली आणि स्नेह वाढला. पुढे गोरांनी आपल्या मुलीचं लग्न एका दलित तरुणाशी ठरवलं, तेव्हा ते सेवाग्रामला व्हावं असं गांधीजींनीच सुचवलं. या लग्नात ईश्वराच्या जागी सत्याला साक्षी ठेवायलाही ते तयार झाले. 1948 मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर ते लग्न सेवाग्रामलाच लागलं. आयुष्यभर रामनाम घेणाऱ्या माणसाला समोरच्याच्या नास्तिकपणात संस्कारांचा अभाव दिसला नाही. पत्रलेखक काकांनी यावर विचार करावा, अशी माझी मनापासून विनंती आहे.

आता अज्ञेयवादी, म्हणजे 'देव आहे की नाही हे माहीत नाही' म्हणणारे. यांना सगळेच 'तळ्यात-मळ्यात करणारे' म्हणतात, आमचे नास्तिक लोकसुद्धा. मला ते मान्य नाही. आठवीच्या वर्गात मी मुलांना गोल्डबाखचं अनुमान सांगायची. दोनपेक्षा मोठी कुठलीही सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज म्हणून लिहिता येते, असं ते अनुमान. 10 म्हणजे 3 अधिक 7, 28 म्हणजे 5 अधिक 23, 100 म्हणजे 3 अधिक 97. मुलं वही भरून उदाहरणं करायची, एकही चुकायचं नाही. मग कोणीतरी हमखास विचारायचं, 'बाई, म्हणजे हे खरंच आहे ना?' हे अनुमान 1742 सालचं. संगणकाने 4 वर 18 शून्यं एवढ्या मोठ्या संख्येपर्यंत ते तपासलं आहे, तरी आजपर्यंत सिद्ध झालेलं नाही. तेव्हा 'खरं असावं असं वाटतं, पण माहीत नाही' एवढंच प्रामाणिक उत्तर मी मुलांना देऊ शकत होते. 'माहीत नाही' म्हणायला धीर लागतो, विशेषतः समोर चाळीस मुलं बसलेली असताना.

अज्ञेयवाद्याचं देवाबद्दल असंच असतं. इंग्रज जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सले यांनी 1869 मध्ये या भूमिकेला नाव दिलं. जे सिद्ध झालेलं नाही ते निश्चित माहीत असल्याचा आव आणू नये, हे त्यांचं सूत्र. यातही दोन तऱ्हा आहेत. एक म्हणतो, मला अजून माहीत नाही, पुढे कळेलही. दुसरा म्हणतो, हा प्रश्नच माणसाच्या आवाक्याबाहेरचा आहे. आपल्या आगरकरांचं नाव या संदर्भात घेतलं जातं. त्यांच्या जिवंतपणी पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढली गेली, तरी ते लिहायचे थांबले नाहीत. त्यांना कोणी धरसोड करणारा म्हणेल का?

मानणं आणि माहीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी असल्यामुळे एकच माणूस नास्तिकही असू शकतो आणि अज्ञेयवादीही. मी तशीच आहे. देव नाही हे मी सिद्ध करू शकत नाही, पण मी तो मानतही नाही. उलट, आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांच्याकडे दरवर्षी महालक्ष्म्या बसायच्या. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या, सगळं साग्रसंगीत. आम्ही सगळ्या जेवायला जायचो. त्या म्हणायच्या, 'देव आहे की नाही मला ठाऊक नाही, आणि कळेल असंही वाटत नाही. पण सासूबाईंनी माझ्या हाती दिलेलं आहे, मी करते.' त्यांना आस्तिक म्हणायचं की नास्तिक? त्यांच्या पंगतीला बसणाऱ्या कोणीही तो प्रश्न काढला नाही.

वास्तववादाबद्दल थोडक्यात. बोलताना आपण 'मी वास्तववादी आहे' म्हणतो, तेव्हा आपल्याला व्यवहारी म्हणायचं असतं. तत्त्वज्ञानातला वास्तववाद म्हणतो की जग आपल्या मनावर अवलंबून नाही, आपण पाहिलं नाही तरी ते असतंच. याचा देवाशी थेट संबंध नाही. न्यायदर्शन, म्हणजे तर्कावर भर देणारं आपलं प्राचीन दर्शन, मानणारे पक्के वास्तववादी होते आणि त्याच परंपरेतल्या उदयनाचार्यांनी ईश्वराच्या सिद्धीसाठी अख्खा ग्रंथ लिहिला. सांख्य दर्शनाचा प्रमाण ग्रंथ असलेल्या ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेतही बाहेरचं जग खरंच मानलं आहे, पण जग घडवायला तिथे ईश्वराची गरज पडत नाही. आमचे हे कोराडीच्या वीजकेंद्रात नोकरीला होते. दर संकष्टीला टेकडीच्या गणपतीला जातात. बॉयलरच्या गेजवर काटा वर गेला की वाफेचा दाब वाढलेलाच आहे, आपल्याला काय वाटतं त्याला किंमत नाही, हे त्यांनी ड्यूटीवर शिकलेलं. यांच्यात श्रद्धा आणि वास्तववाद सुखाने एकत्र नांदतात.

राहिलं वैयक्तिक अध्यात्म. त्यासाठी माझ्या सासऱ्यांबद्दल सांगायलाच हवं. ते रेल्वेत फिटर होते. घरात देव्हारा होता तो सासूबाईंचा, सासऱ्यांनी कधी त्याला हात लावला नाही. पोथी नाही, उपास नाही, गुरू नाही, नवस तर नाहीच. पण रोज पहाटे गच्चीवर सतरंजीची घडी टाकून पूर्वेकडे तोंड करून बसायचे. मे महिन्यात दिवसभर तापलेली गच्ची पहाटेही गरम असायची, तरी बसायचे. डोळे उघडे, हात मांडीवर. खाली पाण्याच्या बादल्या वाजत, दूधवाला हाक मारी, त्यांचं काही हलत नसे. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी धीर करून विचारलं, 'बाबा, तुम्ही कोणाचं ध्यान करता?' म्हणाले, 'कोनाचंच नाही बेटा. मी कोनाले काही मागत नाही. बसतो. बसलो का मन धुतल्यावानी होते.' देव आहे का, या प्रश्नात त्यांना गोडी नव्हती. सासूबाई गेल्या तेव्हा सगळं घर कोसळलं, पण दुसऱ्या दिवशी पहाटे ते गच्चीवर गेले आणि खाली येऊन आम्हा सगळ्यांसाठी त्यांनीच चहा ठेवला. मी नास्तिक आहे, पण त्या बसण्यात काही तरी मोलाचं होतं हे मी कधीही नाकारणार नाही.

इथे माझी एक ठाम सीमारेषा आहे. 'बसलं की मन शांत होतं' हे सासऱ्यांचं स्वतःबद्दलचं बोलणं होतं, त्यावर मी वाद कशाला घालू? पण कोणी 'या मंतरलेल्या पाण्याने शुगर उतरते' म्हणायला लागला, की ते त्याचं वैयक्तिक अध्यात्म राहत नाही. तो जगाबद्दलचा दावा झाला आणि त्याला पुरावा मागायलाच हवा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर 2013 मध्ये आपल्या राज्यात झालेला जादूटोणाविरोधी कायदा हाच फरक पाळतो. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना त्याने हात लावलेला नाही. त्या कायद्याला 'नास्तिकांचा कायदा' म्हणणाऱ्यांनी एकदा त्यातली कलमं वाचावीत.

नास्तिक म्हणजे धर्म नसलेला, हे समीकरण तर नागपुरात टिकतच नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना 22 प्रतिज्ञा दिल्या. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, अशी त्यातली पहिलीच आहे. त्यांच्या धम्मात सृष्टीचा निर्माता कोणी नाही, पण पंचशील आहे आणि वंदना आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला शेकडो मैलांवरून डोक्यावर गाठोडं घेऊन आलेल्या आयाबायांकडे पाहून 'यांचे संस्कार बुडाले' असं कोणी म्हणू शकेल का?

हा शिक्क्यांचा प्रश्न कागदावर येतो तेव्हा त्रास होतो. माझ्या भाचीने मुलाच्या शाळा प्रवेशाच्या अर्जात धर्माचा रकाना रिकामा ठेवला, तर खिडकीतल्या बाबूने अर्ज परत सरकवला. 'आडनाव सांगा, मीच लिहितो,' म्हणाला. मला कोणताही धर्म नाही असं सांगण्याचा नागरिकाला हक्क आहे आणि सरकार त्याच्यावर धर्म सांगण्याची सक्ती करू शकत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2014 मध्येच दिला आहे. संविधानाच्या कलम 25 मधलं सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य न मानणाऱ्यालाही आहे.

2011 च्या जनगणनेत मी प्रगणक होते. धर्माच्या रकान्यात सहा धर्मांना आकडे होते, बाकी काहीही असेल तर ते पूर्ण अक्षरांत लिहायचं. एका घरी वडील सगळ्यांची उत्तरं देत होते. आतल्या खोलीतून मुलगा म्हणाला, 'बाबा, माह्यासाठी नका सांगू, मी काही मानत नाही.' वडील भडकले. 'तुले काय समजते? लिहा जी बाई, सगळे एकच.' कुटुंबप्रमुखाचा धर्म तोच सगळ्यांचा असं गृहीत धरू नका, हे आम्हाला प्रशिक्षणातच सांगितलं होतं. मी मुलाला बाहेर बोलावलं आणि त्याच्या ओळीत त्याने सांगितलं तेच लिहिलं. त्या जनगणनेत देशभरात सुमारे 28 लाख 67 हजार लोकांची नोंद 'धर्म सांगितला नाही' अशी झाली. स्वतःला नास्तिक म्हणवणारे भरले 33 हजारांच्या आसपास आणि त्यांची गणती झाली 'इतर धर्म व पंथ' या गटात. माझे सासरे, ती विज्ञानाची बाई, तो आतल्या खोलीतला मुलगा, ही माणसं या आकड्यांत शोधूनही सापडणार नाहीत.

आता 2027 ची जनगणना आली आहे. वाचकांना माझी विनंती आहे की प्रगणक दाराशी आला की घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला, सुनेला आणि लेकीलासुद्धा, स्वतःचं उत्तर स्वतः देऊ द्या. आमच्याकडे ठरलं आहे. ह्यांच्या नावापुढे 'हिंदू' लागेल, माझ्या नावापुढे 'धर्म नाही', आणि दोन्ही उत्तरं आम्ही शेजारी बसूनच देऊ.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
नंदनवन, नागपूर