पोटगीचा हुकूम हातात आहे, पण वसुली कोण करणार?

प्रति,
मा. मंत्री, विधी व न्याय विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : मुलांच्या थकलेल्या पोटगीची वसुली जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत होण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी ठाण्याच्या लोकमान्य नगरात पोळी-भाजी केंद्र चालवते. आम्ही सहा जणी पहाटे साडेचारला कणीक मळायला घेतो. सहापैकी तिघी नवऱ्यापासून वेगळ्या राहतो. मीही त्यातलीच. कोर्टात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून आजूबाजूच्या बायका पोळ्या न्यायला येतात आणि ओट्याशी उभ्या राहून हळूच विचारतात, "ताई, घटस्फोट घेतला नाही तर खावटी मिळते का हो?"

मिळते. फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पूर्वीचं कलम १२५ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालं आहे. त्याखाली पोटगी मागायला घटस्फोटाची अट नाही. वकिलाला पैसे नाहीत म्हणतात, त्यांना मी विधी सेवा प्राधिकरणात पाठवते. १९८७ च्या कायद्याने बाईला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे दहातल्या नऊ जणींना माहीत नसतं. कुणाचा नवरा नोकरी सोडल्याचं सांगत असतो. तिला मी सांगते की धडधाकट माणसाने अंगमेहनत करूनही बायकोमुलांना पोसलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावलं आहे. त्याआधी नोव्हेंबर २०२० च्या निकालात दोन्ही बाजूंनी मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यायचं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, असंही ठरलं. कायदा आमच्या बाजूने नाही, असं मी कधीच म्हणणार नाही.

पण एक प्रश्न आला की माझा हात लाटण्यावर थांबतो. "हुकूम झाला, पैसे येत नाहीत. आता काय करू?"

माझंच सांगते. कोर्टाने मुलासाठी महिना ५,००० रुपये ठरवले. चार महिने पैसे आले, मग बंद. मी वाट पाहिली. मुलाचा बाप आहे, आज ना उद्या देईल, असं वाटायचं. दर महिन्याच्या १ तारखेला डब्यांच्या हिशेबाच्या वहीत शेवटच्या पानावर मी ५,००० लिहायची आणि पुढे कोरं सोडायची. अशा १९ ओळी झाल्यावर वसुलीचा अर्ज केला. तेव्हा कळलं की रक्कम देणं झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला नाही, तर त्या रकमेसाठी वसुलीचं वॉरंट निघत नाही. माझ्या सात ओळी, म्हणजे ३५,००० रुपये, त्या वाटेने गेले. हुकमाची प्रत हातात दिली त्या दिवशी हे एक वाक्य कुणी सांगितलं असतं तर!

उरलेल्या बारा महिन्यांचंही सोपं नव्हतं. नोटीस तीनदा परत आली. शेरा एकच : "सदर पत्त्यावर इसम मिळून आला नाही." नवा पत्ता शोधायचा मी, तो कुठे कामाला आहे ते काढायचं मी, तारखेला केंद्र बंद ठेवून जायचं मी. दिवसाचे ऐंशी डबे बुडतात, साहेब. गिऱ्हाईक दोनदा समजून घेतं, तिसऱ्यांदा दुसरीकडे डबा लावतं.

आता आमच्या ठाण्यातलीच गोष्ट. बिल्डरकडे लोकांचे पैसे अडकले की महारेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर नजर ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, वसुलीचं वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवते. मग तहसीलदार जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी ती रक्कम वसूल करतात. तिथेही उशीर होतो, मान्य. पण फ्लॅट घेणाऱ्याला बिल्डरच्या दारात स्वतः जप्ती न्यावी लागत नाही.

मुलांच्या पोटगीलाही हीच वाट आहे, आणि ती नवी काढायची नाही. कलम १४४ म्हणतं की थकलेली पोटगी दंडासारखी वसूल करावी. दंड कसा वसूल करायचा ते त्याच संहितेचं कलम ४६१ सांगतं. त्यात जिल्हाधिकाऱ्यांना वॉरंट पाठवून जमीन महसुलाप्रमाणे वसुली करण्याची सोय आहे. विधी सेवेच्या वकीलबाईंनी मला हे बोट ठेवून दाखवलं. कोर्टनाक्यावर जिल्हा न्यायालय आणि जिल्हाधिकारी कार्यालय एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. माझा कागद तेवढं अंतर कधी चाललाच नाही.

वॉरंट काढायचं की नाही, हे न्यायाधीश ठरवतील. त्यात आपण पडावं असं मी म्हणत नाही. पण निघालेलं वॉरंट घ्यायला महसूल विभागाशी बोलून जिल्हाधिकारी कार्यालयात पोटगीसाठी एक टेबल आणि एक जबाबदार कर्मचारी आपण नेमू शकता. तसं परिपत्रक काढू शकता. नोकरदार नवऱ्याच्या बाबतीत घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात कलम २०(६) आहेच. त्याने पैसे थकवले तर मालकाने पगारातला हिस्सा थेट बाईला द्यावा, असा आदेश होऊ शकतो. ही सोय कलम १४४ च्या अर्जांनाही लागू करण्यासाठी राज्याने दुरुस्ती आणावी. आणि हुकमाच्या प्रतीसोबत साध्या मराठीत एक पान द्या. एका वर्षाची मुदत त्यावर ठळक छापा.

एवढी घाई का, तेही सांगते. या कलमाखाली धडधाकट मुलाची पोटगी अठराव्या वर्षी थांबते, म्हणजे नेमका कॉलेजचा खर्च सुरू होतो तेव्हा. माझा मुलगा येत्या जूनमध्ये अठरा पूर्ण करतो. त्यानंतर माझ्या वहीत नवी ओळ येणार नाही. आधीच्या बारा ओळींपुढची जागा अजून कोरी आहे.

आपली,
पोळी-भाजी केंद्र चालवणारी एक आई,
लोकमान्य नगर, ठाणे