मिशन ट्रिपला जायचे तर हातात कसब हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वसईपासून सावंतवाडीपर्यंतच्या चर्चमधली तरुण मुले दहा-पंधरा दिवसांच्या मिशन ट्रिपला परदेशी जाण्याची इच्छा बोलून दाखवतात. ही इच्छा कोणी हसण्यावारी नेऊ नये. अशा सेवेत फार मोठा आनंद आहे, आणि तो कोकणातल्या साध्या बागायतदाराच्या, गवंड्याच्या, नर्सच्याही आवाक्यातला आहे. अट एकच, जाणाऱ्याला काहीतरी करता आले पाहिजे आणि तिथल्या चर्चच्या हाताखाली ते करण्याची तयारी पाहिजे.

कोकणातून ख्रिस्ती सेवेसाठी परदेशी जाणे नवे नाही. वसईचे संत गोन्सालो गार्सिया तरुणपणी जेझुइट धर्मगुरूंबरोबर जपानला जाऊन जपानी भाषा शिकले होते. पुढे फ्रान्सिस्कन संघात गेल्यावर त्याच भाषेमुळे ते दुभाषी म्हणून उपयोगी पडले. १५९७ मध्ये नागासाकीला ते हुतात्मा झाले आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. आजच्या तरुणापाशी जपानी नसेल, पण वेंगुर्ले, मालवण, कुडाळ पट्ट्यात काजूचे कलम बांधणारे हात घरोघरी आहेत. या कसबाला दक्षिण टांझानियात खरी मागणी आहे.

ब्राझीलचे काजू पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्यावर आणले, तसेच पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही नेले. आज म्ट्वारा आणि मसासी हा टांझानियाचा काजूपट्टा आहे. मसासीला अँग्लिकन मिशन १८७६ पासून आहे, जवळच न्दांडाला बेनेडिक्टाइन मठ आणि त्याचे रुग्णालय आहे. म्हणजे पाहुण्यांना सांभाळून घेणारी, जुनी, मुरलेली ख्रिस्ती मंडळी तिथे आहेत. काजू संशोधन केंद्रही म्ट्वाराजवळ नालिएन्डेले इथे आहे. बी लावून वाढवलेले झाड उशिरा धरते आणि कसे निघेल याचा भरवसा नसतो, हे तिथल्या शेतकऱ्यालाही माहीत आहे. त्याला हवी असतात गावातच बांधलेली खात्रीची कलमे.

इथे मुद्दाम तपशिलात शिरतो, कारण दौरा फसतो तो याच ठिकाणी. मृदुकाष्ठ कलम म्हणजे कोवळ्या रोपावर चांगल्या झाडाची काडी बांधणे. त्यासाठी खुंटरोप, म्हणजे ज्यावर काडी बांधायची ते रोप, साधारण ५० ते ६० दिवसांचे लागते. दौरा जानेवारीच्या पूर्वार्धात ठेवला तर तिथे पाऊस असतो, हवा दमट असते आणि आपल्याकडची काजूची धांदल अजून सुरू व्हायची असते. पण त्यासाठी यजमान मंडळीने, म्हणजे तिथल्या चर्चने, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पिशव्या भरून बी टोचलेले पाहिजे. ताजे, पाण्यात बुडणारे बी रात्रभर भिजवून, देठाकडची बाजू वर ठेवून लावायचे. मातृवृक्षावरच्या, म्हणजे ज्या चांगल्या झाडाच्या काड्या घ्यायच्या त्यावरच्या, निवडलेल्या काड्यांची पाने, देठाचा बुडखा तेवढा ठेवून, काडी कापण्याआधी ७ ते १० दिवस छाटायची, म्हणजे शेंड्याचा डोळा फुगतो. हेही काम पाहुणे पोचण्याआधीच व्हायला हवे. या दोन गोष्टी राहून गेल्या तर आठ माणसे हजारो किलोमीटर जाऊन चाकू खिशात ठेवून बसतात.

पुढचे आपल्या लोकांना शिकवायला नको, तरी शिकवताना काय सांगायचे ते लिहितो. काडी १० ते १२ सेंटिमीटर, पेन्सिलीएवढी, डोळा फुगलेला पण न फुटलेला. खुंट कोवळ्या भागात छाटून मधोमध ४ ते ५ सेंटिमीटर चीर, काडीला तेवढीच पाचर, आणि दोन्हींची साल निदान एका बाजूने तंतोतंत जुळलेली. प्लास्टिकच्या पट्टीने खालून वर घट्ट बांधायचे आणि वर लांबट पारदर्शक पिशवीची टोपी घालायची. कलम मरते त्याची कारणे ठरलेली असतात. खुंट आणि काडीची जाडी जुळत नाही, बोथट चाकूने काप ठेचला जातो, कापल्यावर गप्पांत वेळ जाऊन तो सुकतो, पट्टी सैल राहून आत हवा आणि पाणी शिरते, कलमे भर उन्हात ठेवली जातात. शेवटचे कारण म्हणजे फुटवा टोपीला टेकला तरी ती काढली जात नाही आणि कोंब कुजतो.

कलम फुटायला तीन-चार आठवडे लागतात. म्हणजे चौदा दिवसांच्या दौऱ्यात आपण बांधलेले कलम जगले की नाही हे आपल्याला दिसतच नाही. म्हणून किती कलमे बांधली याचा हिशोब मिरवू नये, गावातले किती हात तयार झाले ते पाहावे. पहिले दोन दिवस टाकाऊ फांद्यांवर सराव, मग स्थानिक मुलांनी बांधायचे आणि आपण शेजारी बसायचे. टोपी कधी काढायची हे त्यांच्या वहीत त्यांच्याच भाषेत लिहून घ्यायचे. वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या आपल्या काजूच्या जातींचा अभिमान घरी ठेवावा. इथल्या काड्या सामानात घालून नेणे वनस्पती क्वारंटाइनच्या नियमांत बसत नाही आणि तिथे त्यांची गरजही नाही, काड्या तिथल्या केंद्राने निवडलेल्या झाडांच्याच घ्याव्यात. रोग-किडीबद्दल तर आधी ऐकून घ्यावे. आपल्या बागेचा मोठा शत्रू ढेकण्या ही कीड, तिथला भुरी हा बुरशीचा रोग. तिथे गंधकाची धुरळणी चालते. आपले फवारणीचे वेळापत्रक तिथे जाऊन सांगितले तर शेतकरी सौजन्याने ऐकून घेईल आणि नुकसान त्याचे होईल.

आता आनंदाविषयी. नारळाच्या दुधातला भात आणि मासळीचे कालवण समोर आले की कोकणी माणसाला परके वाटणे शक्यच नाही. रविवारची उपासना लांबते, गायनमंडळे एकामागून एक उभी राहतात. कित्येक मंडळ्यांत लोक दानात कोंबडी, मका, केळ्यांचा घड आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. आपल्या हंगामाच्या उपकारस्तुतीचा लिलाव ज्याने पाहिला आहे त्याला तिथे बोली लावायला दुभाषी लागत नाही. दिवसभर एका बाकावर बसून चाकू चालवलेल्या माणसाबरोबर संध्याकाळी प्रार्थना करताना ख्रिस्ताचे शरीर एक आहे हे विश्वासवचन प्रत्यक्ष अनुभवाला येते. हा आनंद देणाऱ्याचा नाही, बरोबरीने राबणाऱ्याचा आहे. तो ज्याला मिळाला त्याच्या घरच्या मंडळीतल्या सेवेतही फरक पडतो, हे आम्ही खात्रीने सांगतो.

या पट्ट्यात मुस्लिम शेजारी पुष्कळ आहेत. रोपवाटिका गावाची असावी, कलम मागायला येणाऱ्याचा धर्म विचारू नये. मदतीला अट जोडली की ती सेवा राहत नाही. प्रत्येक देशाचा कायदाही पाहावा. नेपाळला व्हिसा लागत नाही म्हणून अनेकांना ते सोपे वाटते, पण तिथे धर्मांतर घडवणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे आणि परदेशी माणसाला देशाबाहेर काढले जाते.

मुलांचे अनाथाश्रम कार्यक्रमात घेऊच नयेत. दर महिन्याला नवे पाहुणे येऊन लळा लावतात आणि निघून जातात, त्याचा मुलांना त्रास होतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही २०१९ मध्ये या प्रकाराविरुद्ध ठराव केला. इतरत्रही कोणी एकट्याने मुलांसोबत थांबू नये, पालकांना विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत, खाऊ-पैसे वाटू नयेत.

पैशांत बऱ्याच समित्या अडकतात. चर्चच्या ट्रस्टचा निधी भारताबाहेर खर्च केला तर त्यावरची आयकराची सवलत मंजुरीशिवाय मिळत नाही. त्यामुळे प्रत्येकाने आपला खर्च आपल्या खात्यातून करावा, हे आधी सीएला विचारून घ्यावे. रोख डॉलर माणशी ३,००० पर्यंतच नेता येतात. नोटा नव्या छपाईच्या घ्याव्यात, जुन्या, डाग पडलेल्या तिथे घेत नाहीत. आपल्या जेवणाचा पूर्ण खर्च यजमान मंडळीला पहिल्याच दिवशी द्यावा. पर्यटक व्हिसावर सेवाकाम करू नये. कोणता परवाना लागेल हे यजमान चर्चने तिथल्या इमिग्रेशन कार्यालयातून लेखी कळवावे.

प्रवास केनिया किंवा इथिओपियामार्गे असेल तर पीतज्वराची लस आणि ती घेतल्याचे प्रमाणपत्र, म्हणजे पिवळे पुस्तक, हवेच. लस प्रवासाआधी किमान १० दिवस घेतलेली असावी, नाहीतर परतताना विमानतळावरून थेट विलगीकरणात जावे लागू शकते. ती ठरावीक केंद्रांतच मिळते, सिंधुदुर्गातून मुंबईपेक्षा मुरगाव बंदराचे आरोग्य कार्यालय जवळ. मलेरिया आम्हाला ठाऊक आहे, असे किनाऱ्यावरच्या माणसाने म्हणू नये. तिथला बहुतेक फाल्सिपॅरम या घातक जातीचा असतो आणि उपचार लांबला तर जिवावर बेततो. डॉक्टरांनी मलेरिया टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन हे औषध दिले तर परतल्यावरही चार आठवडे घ्यायचे असते, लोक घरी पोचताच सोडतात. पुढच्या तीन महिन्यांत ताप आला तर कुठे जाऊन आलो हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगावे.

सामानाविषयी थोडेच. सुके खोबरे विमानात चालत नाही, ते पेट घेऊ शकते. कलमाचे चाकू चेक-इन बॅगेत, पॉवर बँक हातातल्या पिशवीत. टांझानियात प्लास्टिकच्या कॅरीबॅगना २०१९ पासून बंदी आहे, मसाले डब्यांतून न्यावेत. औषधांचे उरलेले नमुने गोळा करून नेऊ नयेत. रुग्णालयाने यादी पाठवली तर त्यातलीच, निदान वर्षभर मुदत शिल्लक असलेली औषधे द्यावीत.

जानेवारीत जायचे तर यजमान मंडळीला पहिले पत्र जूनमध्येच गेले पाहिजे, आणि त्यात एकच प्रश्न असावा: तुम्हाला कोणत्या कामाची माणसे हवीत? उत्तरात गवंडी मागितला तर कलमवाल्यांनी यंदा थांबावे. चर्चच्या समित्यांनी पावसाळ्यातल्या बैठकीत हा विषय घ्यावा, पासपोर्टची मुदत तपासावी आणि सहा ते आठ माणसांची निवड त्या उत्तरानंतरच करावी.

– काही ख्रिस्ती बागायतदार व रोपवाटिकाधारक, वेंगुर्ले (जि. सिंधुदुर्ग)