गेमरचा राग उगंच नाही

दि. २० एप्रिल २०२५

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत 'मॅरेथॉन' या नव्या शूटर (बंदुकीनं लढायच्या) गेमबद्दल चार ओळी आल्या, बरं वाटलं, मराठी पेपरात गेमबद्दल येतंच किती. पण शेवटी लिहिलं होतं की गेम यायच्या आधीच लोक नावं ठेवायलेत आणि आजकालच्या गेमरला काहीही द्या, कमीच. ते काही पटलं नाही म्हणून लिहायलोय.

हा गेम करणारी बंगी कंपनी काल-परवाची नाही, १९९१ पासूनची आहे. २००१ मध्ये 'हेलो' हा गाजलेला शूटर काढला तो यांनीच. आम्ही संभाजीनगरला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, इंजिनिअरिंगला होतो तेव्हा लॅबमधल्या कॉम्प्युटरवर हेलोचा फुकटचा डेमो कुणीतरी टाकून ठेवलेला असायचा. त्यातला ब्लड गल्चचा मॅप, म्हणजे खेळायचं मैदान, दोन टोकांना दोन तळ आन मधी सगळं मोकळं रान, त्या एवढ्याशा मॅपवर पोरं जेवण विसरून खेळायची. पूर्ण गेम विकत घ्यायची ऐपत एकाचीही नव्हती पण बंगीचं नाव सगळ्यांना पाठ. अशा कंपनीनं १२ एप्रिल २०२५ ला नवीन गेम दाखवला तर आमच्यासारखे लोक नावं ठेवायला बसले नव्हते हो, रात्री जागून आशेनं बघत होते.

आणि चांगलं ते चांगलंच म्हटलं लोकांनी. ते भडक हिरवे-पिवळे रंग, पोस्टरसारखी दिसणारी दुनिया, असं शूटरमध्ये कुणी करत नाही, आणि बंदूक चालवायची मजा बंगीइतकी कुणाला जमत नाही हे त्यांचे विरोधकपण मान्य करतात. राग आला तो दुसऱ्या गोष्टीचा. हा एक्स्ट्रॅक्शन शूटर आहे, म्हणजे तिघांची टीम करून मॅपमध्ये उतरायचं, हत्यारं-सामान गोळा करायचं, रोबोटांशी आन दुसऱ्या टीमांशी लढायचं आणि जिवंत बाहेर पडायचं. मेलात की अंगावरचं सगळं गेलं. एकट्यानं खेळायची स्टोरी नाही. दाखवला तेव्हा शेजारून जाणाऱ्या परक्या टीमशी बोलायची सोयपण नव्हती, शिवीगाळ नको म्हणून ठेवली नाही म्हणे. आणि फुकट तर नाहीच, पैसे मोजून घ्यायचा.

आता हे लातूर, परभणी, हिंगोलीत बसून वाचा. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडं लाईट कधी जाईल याचा नेम नाही, इन्व्हर्टरवर पंखा चालतो, कॉम्प्युटर नाही. अर्धा तास जीव मुठीत धरून सामान गोळा केलं आन बाहेर पडायच्या वेळेला लाईट गेली तर सगळं पाण्यात, वर दोन सोबती तुमच्या नावानं बोटं मोडणार. तीन मित्र एकाच वेळेला मोकळे सापडणं हे तर नोकरी, शेती, लेकरंबाळं असलेल्या माणसाला जमतच नाही. म्हणून 'एकट्यासाठी काहीतरी ठेवा' हे लोकांचं मागणं मला लाडाचं वाटत नाही, ते आमच्या घरातलं मागणं आहे.

यातली खरी गंमत तुमच्या टिपणात राहूनच गेली. मॅरेथॉन हे नाव नवीन नाही, पहिला मॅरेथॉन बंगीनंच १९९४ मध्ये मॅक कॉम्प्युटरसाठी काढला होता. टाऊ सेटी ताऱ्याजवळ अडकलेलं अंतराळ जहाज, भिंतीवरच्या टर्मिनलवर मजकूर वाचत वाचत उलगडणारी गोष्ट, आणि ड्युरांडल नावाचा हळूहळू वेडा होत जाणारा कॉम्प्युटर. जुन्या मॅरेथॉनचे तिन्ही भाग कंपनीनं २००५ मध्ये मोफत करून टाकले, चाहत्यांनी ते चालवणारं आलेफ वन नावाचं इंजिन (सॉफ्टवेअर) सांभाळून ठेवलं, आणि आज जुन्यात जुन्या लॅपटॉपवर, नेट नसताना, एकट्यानं तो गेम चालतो. तीस वर्षं झाली तरी चालतो. नवीन मॅरेथॉन २३ सप्टेंबर २०२५ ला येणार असं तेव्हा म्हणत होते, पण तो कंपनीच्या सर्व्हरवरच चालणारा, सर्व्हर बंद केला त्या दिवशी तो संपणार.

ही भीती उगं नाही. बंगीच्याच 'डेस्टिनी २' या ऑनलाइन शूटरमध्ये लोकांनी पैसे देऊन घेतलेली रेड वॉरची स्टोरी २०२० मध्ये काढून टाकली, आज नव्या माणसाला ती खेळताच येत नाही. सोनीनं २०२२ मध्ये बंगी विकत घेतली, त्याच सोनीचा 'कॉनकॉर्ड' हा ऑनलाइन शूटर २३ ऑगस्ट २०२४ ला आला आन दोन आठवड्यांत, ६ सप्टेंबरला बंद. पैसे परत दिले हे खरं, पण गेम गेला तो गेलाच. आणि आपल्याकडं २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी आली तेव्हा गावागावातल्या पोरांचे चेहरे बघितलेत मी. बंदीचं कारण वेगळं होतं, त्यात मी पडत नाही, पण रात्रीतून गेम नाहीसा होतो म्हणजे काय हे इथल्या पोरांना सांगावं लागत नाही.

एक मात्र आहे, काही जण कंपनीतल्या माणसांना अर्वाच्य बोलायलेत, ते मला अजिबात मान्य नाही. स्टोरी ठेवायची का नाही हे मॅप काढणारा पोरगा ठरवत नाही, वरचे लोक ठरवतात. जुलै २०२४ मध्ये बंगीनं २२० लोकांना घरी बसवलं, त्यातून जे उरलेत ते दिवसरात्र राबत असतील, त्यांना शिव्या देऊन काय मिळणार. मागणं ठासून मांडा, पण माणसासारखं.

संपादक साहेब, तुम्हाला विनंती एवढीच की यापुढं गेमबद्दल छापाल तेव्हा ट्रेलर कसा दिसतो यासोबत तीन गोष्टी नक्की द्या: नेटशिवाय चालतो का, एकट्याला खेळता येतो का, आणि किती जुन्या कॉम्प्युटरवर चालेल. पुण्याच्या सुपरगेमिंगनं 'इंडस' नावाचा आपल्या मातीतला बॅटल रॉयल (शेवटपर्यंत टिकेल तो जिंकला असा गेम) २०२४ मध्ये काढला, त्यांनाही जाऊन हेच विचारा आणि काय म्हणतात ते छापा. आमच्याकडची पोरं ते कापून ठेवतील.

आपला,
एक वाचक, लातूर